बर्फावर ओतलेला रस

मी एक जुनी काहील आहे, मित्रांनो. तुमच्याकडे उसाचा रस आटवायला असते तशी गोल मात्र नाही. मी लांबट, चौकोनी, स्टीलची आहे आणि माझ्या पोटात एकापुढे एक असे चार खण आहेत. कॅनडातल्या लानार्क भागात, मॅकइव्हर्स कॉर्नर्स गावाबाहेर, गेडिस कुटुंबाची मेपलची राई आहे. त्या राईत एक लाकडी गुऱ्हाळ आहे आणि तिथल्या चुलाणावर मी बसते. वय विचारू नका. माझ्यासोबत आलेल्या बादल्या केव्हाच भंगारात गेल्या आणि मी अजून थेंबभरही गळत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

नदीपलीकडच्या क्वेबेकमध्ये एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला घडवणारा कारागीर जाडजूड बोटांचा होता, पण सांधे असे जोडायचा की नखही अडकू नये. त्याने माझ्या आतल्या भिंती बाहेरच्या भिंतींपेक्षा बोटभर ठेंगण्या ठेवल्या आणि प्रत्येक भिंतीच्या टोकाला एक फट ठेवली. मेपलच्या खोडांतून निघणारा गोड रस पहिल्या खणात येतो, फटीतून दुसऱ्यात जातो, मग तिसऱ्यात, आणि चौथ्यात पोचेपर्यंत त्याचा पाक होतो. चाळीस बादल्या रस आटला की एक बादली पाक मिळतो. हे काम उतावळ्याचे नाही.

मला विकत आणले कॉलिन गेडिस यांनी. ते गेल्यावर त्यांचा मुलगा एल्मर माझा मालक झाला. एल्मर हिवाळाभर सरकारी ट्रक घेऊन रस्त्यांवरचा बर्फ सारायचा आणि मार्च उजाडला की सुट्टी टाकून गुऱ्हाळात यायचा. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा कोवळे ऊन असले की मेपलला रस सुटतो. मग झाडांना टोचलेल्या तोट्यांतून बादल्यांत टपटप सुरू होते. एल्मरची बायको ऑड्री उकळत्या रसात अंडी सोडायची. ती फोडून खाताना त्यांना किंचित गोडी आलेली असायची. त्यांची मुलगी मॉर्ना लाकडाच्या ओंडक्यावर उभी राहून माझ्यावरचा फेस काढायची. गावातली माणसे पाक न्यायला आली की म्हणायची, “एल्मर, असा सोनेरी रंग दुसऱ्या कुणाकडे येत नाही.” एल्मर टोपी मागे सारून नुसता हसायचा. रंग कुणामुळे येतो ते मला ठाऊक होते, पण मी कधी बढाई मारली नाही. आज मारते आहे.

पण एल्मरची एक खोड होती. गुऱ्हाळाच्या भिंतीवर त्याने खडूने एक खूण केली होती. पाकाची पिंपे त्या खुणेपर्यंत आली की तो म्हणायचा, “बस झालं,” आणि चुलाण विझू द्यायचा. बाहेर झाडे अजून रस देत असायची. थंडी टिकून असायची. तरी तो तोट्या उपटायचा आणि भरलेल्या बादल्या झाडांच्या बुंध्याशी बर्फावर ओतून द्यायचा. बर्फात छोटी छोटी भोके पडायची आणि गोड रस खाली झिरपून जायचा.

शेजारी समजायचे की एल्मरला हंगामाची नस कळते. झाडांना कळ्या फुगल्या की रसाला वाईट चव येते, ती येण्याआधी हा शहाणा माणूस थांबतो, असे ते एकमेकांना सांगायचे. एल्मरनेही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. खरे कारण घरच्यांना ठाऊक होते आणि मला, कारण ते माझ्यासमोरच बोलले गेले होते.

“एवढा चांगला रस का रे ओततोस?” ऑड्रीने एकदा विचारले होते.

“अगं, आणखी पिंपं केली की मी कराच्या वरच्या टप्प्यात जातो,” एल्मर म्हणाला. “मग सरकार सगळ्याच कमाईवर मोठा दर लावतं. पाकाचा नफा राहू दे बाजूला, ट्रकच्या पगारातलंही घालवून बसेन.”

“तुला काय ते ठाऊक,” म्हणून ऑड्री अंडी सोलत राहिली.

एल्मर हे अशा ठामपणे बोलायचा की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी. त्याचा कर भरून देणारी एक बाई पलीकडच्या शहरात होती. तो तिच्याकडे कागद नेऊन द्यायचा आणि ती दाखवील तिथे सही करून परत यायचा. तिला त्याने कधी काही विचारले नाही. विचारले तर आपल्याला कळत नाही असे दिसेल, ही त्याची भीती. इतका मोठा ट्रक हिमवादळात चालवणारा माणूस, आणि एक प्रश्न विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मला फार वाईट वाटायचे, मित्रांनो. माझ्यात अजून जागा असायची, चुलाणात निखारे असायचे, आणि बाहेर रस जमिनीत मुरत असायचा. करातले मला काही कळत नव्हते. खणांतले मात्र पुरेपूर कळत होते. मला तोंड असते तर त्याच दिवशी एल्मरला दोन शब्द सुनावले असते.

वर्षे गेली. एल्मरची ट्रकवरची नोकरी संपली, त्याचे गुडघे कुरकुरू लागले. मॉर्ना शहरातल्या इस्पितळात परिचारिका झाली. तिचा जीव मात्र या राईत होता. हंगामात पाळी संपली की ती गाडी पिटाळत इकडे यायची. एके दिवशी तिने सरळ विचारले, “बाबा, राई माझ्या नावावर कर. मी सांभाळते.”

एल्मर नाही म्हणाला. तिने दुसऱ्या वर्षी विचारले, तेव्हाही नाही. आणि मग त्याने लाकडाचा ठेका घेणाऱ्या रेजाँ लाफ्लॅमला निरोप धाडला. मेपलचे लाकूड महाग असते. लाफ्लॅम राईत हिंडला, खोडांना मिठ्या मारून घेर मोजला आणि खूश होऊन गुऱ्हाळात डोकावला.

“हिचं काय करणार?” माझ्याकडे बोट करून त्याने विचारले.

“भंगारवाला नेईल,” एल्मर म्हणाला. तो माझ्याकडे न बघता बोलला, म्हणून मी त्याला माफ केले.

ठरले असे, की पिंपे खडूच्या खुणेपर्यंत आली की या वर्षीचे काम संपवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाफ्लॅमने येऊन तोडायच्या झाडांना रंग लावायचा. तो दिवस आला. दुपारी एल्मरने शेवटचा पाक काढला, चुलाणाचे दार उघडे टाकून निखारे विझू दिले आणि ऑड्रीने मला पुसून कोरडी केली. पुन्हा मला कोणी पुसणार नाही, हे आम्हा दोघींना कळत होते. ती नेहमीपेक्षा सावकाश पुसत होती.

तेवढ्यात मॉर्ना आली. अंगावर इस्पितळाचे कपडे, वरून जाड कोट.

“चुलाण का विझवलंस, बाबा? बादल्या भरून वाहतायत बाहेर.”

“खूण आली. बस.”

“उद्या तो माणूस झाडांना रंग फासणार. आज तरी सगळं आटव की.”

“आणि वरच्या टप्प्यात जाऊ? एकदा तो ओलांडला की सगळंच जास्त दराने कापतात.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? भोगलंय मी,” एल्मर म्हणाला. “त्या मोठ्या बर्फाच्या डिसेंबरात रात्रंदिवस ट्रक चालवला. दुप्पट तास भरले. पगार हातात आला तर कपात ही एवढी! त्याच दिवशी कानाला खडा लावला. जास्त काम केलं की सरकार जास्तच चावतं.”

मॉर्ना ओंडक्यावर बसली. “मग पुढच्या वसंतात सरकारकडून काही परत आलं होतं का?”

“आलं होतं. चांगलं घसघशीत आलं होतं. त्याचंच तर मी मासे धरायला तळ्यावरच्या बर्फाला भोकं पाडायचं मशीन घेतलं.”

“ते कशाबद्दल आलं, असं वाटलं तुला?”

एल्मरने खांदे उडवले. “देतात कधीकधी. नशीब.”

ऑड्रीने फडके तोंडाला लावले. ती हसत होती की काय, ते मला दिसले नाही.

“ते तुझेच पैसे होते, बाबा,” मॉर्ना म्हणाली. “ज्या पंधरवड्यात पगार फुगतो, त्या पंधरवड्यात पगार देणारा समजतो की हा माणूस वर्षभर एवढंच कमावणार. त्या हिशेबाने तो कापून घेतो. वर्ष संपलं की अख्ख्या वर्षाची बेरीज होते आणि जास्तीचं कापलेलं परत येतं. गेल्या नाताळात मी जादा पाळ्या केल्या, माझंही तसंच कापलं. मीही अशीच चिडले होते. पण मी जाऊन विचारलं.”

“हे बघ, शब्दांचं गुऱ्हाळ नको लावूस.”

“अरे, ऐकून तर घे,” ऑड्री म्हणाली. “इतकी वर्षं आम्ही तुझं ऐकलंच की.”

मॉर्ना उठली. तिने बाकावरच्या चिंध्या घेतल्या आणि माझ्या आतल्या भिंतींच्या फटींत एकेक बोळा ठासून बसवला. असे माझ्याशी आजवर कोणी वागले नव्हते. मग ती बाहेर गेली आणि रसाच्या दोन बादल्या उचलून आणल्या.

“आता असं समज, की रस म्हणजे वर्षाची कमाई,” ती म्हणाली आणि पहिल्या खणात ओतू लागली. “हा पहिला खण. एवढ्या कमाईवर कर माफ. सगळ्यांना, तुला, मला, इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरलासुद्धा.”

पहिला खण भरला आणि रस ठेंगण्या भिंतीवरून दुसऱ्यात सांडू लागला. तिने गुऱ्हाळाच्या भिंतीला टांगलेली छोटी पळी काढली. “दुसऱ्या खणातल्या रसाला ही पळी. शंभरातले पंधरा. तिसऱ्या खणाला ही मोठी, शंभरातले साडेवीस. पुढे आणखी खण आहेत, पण तिथवर पोचायला आपल्याला चार राया लागतील. प्रांताचा कर वेगळा, पण त्याचीही काहील अशीच, खणाखणांची.”

“तेच तर म्हणतोय मी,” एल्मर म्हणाला. “तिसऱ्यात थेंब पडला की मोठी पळी.”

“कशाला?”

“सगळ्याला.”

मॉर्नाने दुसरी बादली त्याच्या हातात दिली. “मग तूच ओत.”

एल्मर ओतू लागला. दुसरा खण काठोकाठ भरला. मग एक बारीक धार भिंतीवरून घसरली आणि माझ्या तिसऱ्या खणाच्या तळाशी पसरली. मित्रांनो, इतकी वर्षे मी रस खेळवला, पण त्या धारेइतकी मी कशाची वाट पाहिली नव्हती.

“आता दुसऱ्या खणातला सरकारचा वाटा काढ,” मॉर्ना म्हणाली.

एल्मरने मोठी पळी उचलली. दुसऱ्या खणावर नेली. आणि तिथेच त्याचा हात थांबला.

“दुसऱ्या खणातला रस कुठे गेला का?” तिने विचारले.

“नाही.”

“कमी झाला?”

“नाही. आहे तिथेच आहे.”

“मग मोठी पळी कशावर?”

त्याने तिसऱ्या खणात उतरलेल्या धारेकडे बोट केले. “जो सांडून पुढे गेला,” तो सावकाश म्हणाला, “त्याच्यावर.”

“फक्त?”

“फक्त त्याच्यावर.” त्याने पळी तिसऱ्या खणात बुडवली, वर काढली आणि खाली काय उरले ते वाकून पाहिले. “आणि तोही सगळा नेत नाहीत.”

“मोठा वाटा तुझाच राहतो. कर जास्त जातो, पण हातात उरतंही जास्तच.” मग तिने टेबलावरचा पेला घेतला, तिसऱ्या खणातून भरून काढला आणि बाजूला ठेवला. “मी निवृत्तीच्या खात्यात पैसे टाकते ना, ते असे. सगळ्यात वरच्या खणातून आधीच उपसून ठेवलेले. त्यावर आता पळी पडत नाही. म्हातारपणी काढेन तेव्हा पडेल, आणि तेव्हा माझी कमाई खालच्या खणात असेल.”

“आणि आम्हाला म्हातारपणाचं जे मिळतं त्याचं काय?” ऑड्रीने विचारले.

“काही भत्ते कमाई वाढली की कमी होतात, आई. ते खरं आहे आणि ते वेगळं आहे. आपल्याला किती लागू होतं ते मी विचारून घेते. पण खणांची भीती खोटी.” मग ती वडिलांकडे वळली. “आणि झाडं विकून जे पैसे एकदम हातात पडतील, ते काय सरकारला दिसणार नाहीत?”

एल्मरने टोपी काढली, डोके खाजवले आणि टोपी परत घातली. एवढा अवघड प्रश्न त्याला त्या दिवशी दुसरा पडला नसावा. तो लाकडे फोडायच्या ठोकळ्यावर बसला. मग टोपीची कड खाली ओढून बोलला.

“मला वाटलं, ही झाडं तुझा पगार खातील. पाकाचे पैसे तुझ्या पगारावर चढले, तर तू इस्पितळात मरमर करून कमावलेलं सगळंच मोठ्या पळीने जाईल. आपल्या पोरीला तोटा कसा लिहून देऊ, म्हणून विकत होतो.”

“मला ठाऊक होतं, बाबा,” मॉर्ना म्हणाली. “तू माझ्यावर रागावून विकत नव्हतास, एवढं मला कळत होतं.”

मला एल्मरचा खूप राग आला होता तो त्या क्षणी गेला. भित्रा होता, हट्टी होता, पण मुलीवर त्याचे फार प्रेम होते. चुकीच्या हिशेबावर त्याने ते सगळे प्रेम लावले होते. मॉर्नाने माझ्या फटींतले बोळे काढले आणि ऑड्रीने न विचारता चुलाणात लाकूड घातले.

सकाळी लाफ्लॅम आला. हातात नारिंगी रंगाचा डबा होता.

“तो डबा परत ने,” एल्मर दारातूनच म्हणाला.

“भाव कमी वाटला का? वाढवून देतो की.”

“भाव चांगला होता. हिशेब माझा चुकला होता. झाडं मॉर्नाला देतोय.”

लाफ्लॅमने आत येऊन कॉफी मागितली आणि माझ्या चुलाणावर हात शेकत म्हणाला, “दे बाबा. पण पोरीला सांग, वरच्या टप्प्यात जाशील. माझा भाऊ तर जादा काम आलं की चक्क आजारी पडतो.”

“भावाला इकडे घेऊन ये,” एल्मर म्हणाला. “आणि येताना त्याला पोटभर जेवून यायला सांग, कारण त्याला सगळं समजावून द्यायला थोडा वेळ लागेल.”

त्या वर्षी आम्ही खडूच्या खुणेपाशी थांबलो नाही. पिंपे खुणेवरून गेली, मग दारापर्यंत गेली. उन्हे वाढली, बर्फ मागे सरला, राईतल्या डबक्यांत बेडूक ओरडू लागले, तरी झाडे देतच होती. हंगामाच्या शेवटी येणारा पाक सोनेरी नसतो. तो गर्द तपकिरी होतो, गुळासारखा, आणि त्याला एक खोल चव असते. मी तो कॉलिन यांच्या वेळेनंतर कधी केला नव्हता. पण हात विसरत नाहीत म्हणतात, तसे माझे खणही विसरले नव्हते.

शेवटच्या दिवशी मॉर्नाने चौथ्या खणातून लाकडी चमचा भरून एल्मरला दिला. त्याने फुंकर घातली, चाखला आणि डोळे मिटून घेतले.

“हा आपला?”

“आपलाच, बाबा. याच झाडांचा.”

“माझ्या वडिलांचा पाक असा लागायचा,” एल्मर म्हणाला. “मला वाटायचं, तेव्हाची झाडंच वेगळी असतील.” चमचा हातात तसाच राहिला. “आणि हा मी दर वर्षी बुंध्याशी ओतत होतो.”

ऑड्रीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “ओतलास तो ओतलास. आता लाकूड घाल, शेवटचा रस थंड होतोय.”

आता चुलाणासमोर मॉर्ना उभी असते. एल्मर बाकावर बसून सूचना देतो आणि त्या कोणी ऐकत नाही. त्या पहिल्या पूर्ण हंगामाच्या पाकावरचा कर त्यानेच भरला; पाकावर त्याने आजवर भरलेला तो सगळ्यात मोठा कर होता, आणि पाकाचे हातात उरले तेही सगळ्यात जास्त. कर भरून देणाऱ्या बाईला त्या वर्षी त्याने इतके प्रश्न विचारले, की तिने दुसरा माणूस बाहेर थांबवून ठेवला. गावात कोणी कपातीची कुरकुर केली की एल्मर म्हणतो, “किती कापलं ते नको सांगूस. किती उरलं ते सांग.”

मित्रांनो, मी एक साधी काहील आहे. मला कोरडी चुलाणावर ठेवू नका, मी जळेन. हंगाम संपला की तळाशी बसलेला थर काढून मला धुऊन ठेवा, म्हणजे मी तुमच्या नातवंडांनाही पाक करून देईन. पण माझी खरी विनंती दुसरीच आहे. तुमच्या घरात एखादे मोठे माणूस भीतीपोटी काही हातचे ओतून देत असेल, तर त्याच्यावर हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि ती भीती कुठून आली ते त्याला विचारा. आणि तुम्हाला स्वतःला काही कळत नसेल, तर लाजू नका, लगेच विचारा, कारण न विचारण्याची किंमत मी बर्फात मुरताना पाहिली आहे. मोठे झालात की भरपूर कमवा आणि सरकारचा वाटा हसत द्या. पुढच्या खणात जायला मुळीच घाबरू नका. मागचा भरलेला खण भरलेलाच राहतो.